राहून गेलेली भेट

बेंगळुरूच्या कस्तुरबा रस्त्यावर विश्वेश्वरय्या संग्रहालय आहे. त्याच्या आवारात ‘मरुत’ हे लढाऊ विमान उभे आहे. जून १९६१ मध्ये याच शहराच्या आकाशात त्या जातीच्या विमानाने पहिले उड्डाण केले. अलीकडेच नातवाला घेऊन मी तेथे गेलो होतो. विमानाभोवती दोन फेऱ्या मारून झाल्यावर त्याने विचारले, “आजोबा, हे जहाजावरून उडत असे का?”

“नाही रे, हे हवाई दलाचे. जहाजावरची विमाने निराळी,” असे म्हणून मी त्याला ‘विक्रांत’ची हकीकत सांगू लागलो. सांगताना मात्र माझेच मन मला खात होते.

या विमानवाहू युद्धनौकेच्या बांधणीस ब्रिटनमध्ये १९४३ साली आरंभ झाला. महायुद्ध संपले आणि काम अर्धवट राहिले. १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली. बेलफास्ट येथे ती पुरी झाली, ४ मार्च १९६१ रोजी आपल्या नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईस पोहोचली. १९६५ च्या युद्धाच्या वेळी ती दुरुस्तीसाठी गोदीत होती. १९७१ मध्ये तिच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडा गेला होता, त्यामुळे वेगही मंदावला होता. तरीही ती बंगालच्या उपसागरात गेली. ४ डिसेंबर रोजी तिच्यावरून उडालेल्या ‘सी हॉक’ विमानांनी कॉक्स बाजार व चितगाव येथे हल्ले चढविले. त्या युद्धातील कामगिरीबद्दल तिच्यावरील शूरांना दोन महावीर चक्रे व बारा वीर चक्रे मिळाली.

त्या डिसेंबरात माझे वडील रेडिओपाशी कानांत प्राण आणून बसत. “एकदा ते जहाज डोळ्यांनी पाहायचे आहे,” असे ते पुढे कितीतरी वर्षे म्हणत राहिले. ३१ जानेवारी १९९७ रोजी ‘विक्रांत’ सेवानिवृत्त झाली आणि २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांना पाहावयास मिळू लागली. बेंगळुरूहून मुंबई ती किती दूर? पण दरवर्षी मी म्हणे, “पुढच्या सुट्टीत नक्की जाऊ.” पुढच्या सुट्ट्या येत गेल्या, एक दिवस वडीलच गेले. २०१२ मध्ये संग्रहालय धोकादायक ठरून बंद झाले. २०१४ मध्ये नौका सुमारे ६० कोटी रुपयांना लिलावात विकली गेली आणि त्याच वर्षअखेर दारूखान्याच्या धक्क्यावर ती तोडण्याचे काम सुरू झाले.

लोखंडाला खाऱ्या पाण्याचा आदर ठाऊक नसतो. तरंगत्या नौकेचा तळ वेळोवेळी कोरड्या गोदीत घेऊन खरवडावा लागतो, रंगवावा लागतो, झिजलेले पत्रे बदलावे लागतात. हा खर्च कधीच संपत नाही. जपानने १९०५ च्या त्सुशिमाच्या लढाईतील ‘मिकासा’ ही युद्धनौका योकोसुका येथे काँक्रीटमध्ये पक्की बसविली. तिचीही मधल्या काळात फार दुर्दशा झाली होती. लोकांनी पैसा उभा केला, तेव्हा १९६१ मध्ये ती पुन्हा सजून उभी राहिली. आपल्याकडे ‘कुरसुरा’ ही पाणबुडी विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर वाळूत ओढून ठेवली आहे. २००२ पासून लोक तिच्या पोटात शिरून ती पाहत आहेत.

‘विक्रांत’ हे नाव मात्र बुडाले नाही. कोचीत बांधलेली नवी ‘विक्रांत’ २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झाली. पण जुन्या नौकेच्या ज्या सपाट माथ्यावर वडिलांचे पाऊल पडायचे होते, तो आता कोठेच नाही. स्मारके जपण्याचे काम सरकारचे, असे आपण सहज म्हणतो. ती उभी असताना जाऊन पाहण्याचे काम तरी आपलेच होते, आणि ते मी केले नाही.

परतताना नातवाने विचारले, “आजोबा, ती पाणबुडी कधी पाहायची?” ‘पुढच्या सुट्टीत’ हे शब्द अगदी ओठांवर आले होते. ते मी गिळले आणि घरी येताच विशाखापट्टणमची तिकिटे काढली.