काकीसांची खेजडी

गोडवाडची पंचतीर्थी आपल्यापैकी अनेकांनी केली असेल: राणकपूर, मुछाळा महावीर, नारलाई, नाडोल आणि वरकाणा. बहुतेक यात्रा थंडीच्या सुखद दिवसांत होतात. मी मात्र यंदा वैशाखात गेलो, आणि तेही यात्रेसाठी नव्हे. नाडोलपासून थोड्या अंतरावरचे आमचे वडिलोपार्जित घर विकायचे ठरले होते. दस्तावर सही करायची होती.

पहाटे फालना स्टेशनवर उतरलो तेव्हा वारा गार होता. नऊ वाजेपर्यंत उघड्या रानाकडे पाहवेना. पूर्वेस अरवलीची निळसर रांग, इकडे तापलेली सपाट जमीन, आणि सारे करपलेले असताना हिरवी राहिलेली खेजडी. खेजडी म्हणजे आपल्याकडची शमी. ऐन उन्हाळ्यात, पावसाचा थेंब नसताना, तिला शेंगा येतात. कोवळ्या तोडून, उकडून वाळवल्या की सांगरी. झाडावरच पिकू दिल्या की खोखा, जो मुले चघळत हिंडतात.

या सांगरीवर आमच्या काकीसांचा फार जीव. गेल्या कार्तिकात, वयाच्या ८७व्या वर्षी, त्या गेल्या. पुण्याच्या भवानी पेठेत त्यांची ६० वर्षांहून अधिक काळ गेला, पण ज्येष्ठात मारवाडातून सांगरी आणि केर यांचे गाठोडे आल्याशिवाय त्यांना उन्हाळा आल्यासारखा वाटत नसे. केर दोनदा उकडून पाणी टाकून द्यायचे, म्हणजे कडवटपणा जातो. मग तेलात ओवा, अख्खी लाल मिरची, वरून आमचूर. सोबत बाजरीचा सोगरा. आठम-चौदसेला हिरवी भाजी नाही, तेव्हा तर हीच. सांगरी त्या कठोळात धरीत, म्हणून त्या दिवशी द्विदलाच्या दोषापायी ताटात कच्चे ताक येत नसे. आषाढी चौमासी चौदशीनंतर सुकवणी वर्ज्य. तोपर्यंत डबा रिकामा व्हायलाच हवा, हा त्यांचा दंडक. हल्ली लग्नाच्या पंगतीत काजू-बेदाणे घालून, तेलात पोहणारी केर-सांगरी वाढतात. तिला मी त्या नावाने ओळखत नाही.

“एकदा वैशाखात गावी ने. झाडावरची सांगरी पाहायची आहे,” असे त्या दरवर्षी म्हणत. बँकेत आधी मार्चअखेर, मग एप्रिलमधले ऑडिट, मग मे महिन्यातल्या बदल्या. निवृत्तीनंतर माझ्याकडे ही कारणे उरली नाहीत, पण तोवर त्यांचे गुडघे उरले नव्हते.

आणखी एक गोष्ट लिहायला हवी. काही वर्षांपूर्वी त्यांच्या हिश्श्याचे हक्कसोडपत्र मीच तयार करून घेतले. बंद घर म्हणजे अडकलेले भांडवल, हे मी त्यांना बँकेतल्या सुरात समजावले. त्यांनी चष्मा पुसून सही केली आणि एवढेच विचारले, “मागच्या अंगणातली खेजडी कोणाच्या वाट्याला गेली?” मी हसलो होतो. कागदात झाडाचा उल्लेख नव्हता.

कुलूप गंजले होते. ते तोडावे लागले. आत वटवाघळांचा वास, ओट्यावर वाळू. मागच्या अंगणात मात्र खेजडी शेंगांनी लोंबत होती आणि शेजारच्या माळी घरातील एक वृद्ध बाई शिडी लावून त्या उतरवीत होत्या. मला पाहून त्यांनी ओढणी सावरली. हळूहळू उलगडा झाला. आमच्याकडे येणारे गाठोडे बाजारातले असावे, असा माझा समज होता. ते याच झाडाचे होते. काकीसांच्या लग्नापासून आधी या बाईंची सासू आणि मग त्या स्वतः शेंगा वाळवून पाठवीत. दिवाळीला काकीसा लुगडे पाठवीत. इतक्या वर्षांचा हा व्यवहार, आणि दुसऱ्यांच्या खात्यांतली पैशाची चूक शोधणाऱ्या मला त्याचा पत्ता नव्हता.

दुपारी नाडोलला पद्मप्रभूंचे दर्शन घेतले. श्री मानदेवसूरींनी लघुशांतीची रचना याच गावी केली, असे परंपरा सांगते. काकीसा रोज संध्याकाळी प्रतिक्रमणात ती म्हणत, शब्द न् शब्द स्वच्छ. मंदिरात बसून मी म्हणू लागलो आणि अर्ध्यावर अडखळलो.

दस्त दुसऱ्या दिवशी झाला. घेणारे गृहस्थ सज्जन आहेत. झाड तोडणार नाही, असे त्यांनी आपणहून सांगितले. मी ते लिहून मागितले. ते थोडे दुखावले. पण दोन ओळी त्यांनी लिहून दिल्या. त्यांना कायद्यात किती वजन आहे, हे मी जाणतो.

निघताना माळी बाई दाराशी आल्या. काकीसा गेल्याचे त्यांना ठाऊक होते. यंदाची सांगरी कोणाच्या नावाने पाठवायची, असे त्यांनी विचारले. मी खिशातल्या कागदावर माझे नाव आणि पुण्याचा पत्ता लिहून दिला. त्यांना वाचता येत नव्हते. त्यांनी तो नातवाकडून दोनदा वाचून घेतला.

ज्येष्ठ वद्यात गाठोडे आले. आषाढी चौदशीला थोडे दिवस होते. सौभाग्यवतींनी केर दोनदा उकडले. पहिल्या दिवशी भाजी जरा कडूच झाली.