मिसिंग

मंडळी, बरेच दिवसांत काही लिहिलं नाही. आमची पद्मिनी आजारी होती. (नातेवाइकांनी घाबरू नये, पद्मिनी म्हणजे आमची गाडी!)

परवा आम्ही दोघं बारामतीहून इंदापूरला धाकट्या बहिणीकडे निघालो. काटेवाडी ओलांडली तशी ही म्हणाली, "अहो, गाडी लंगडतेय." मी म्हणालो, "काही नाही, रस्ताच तसा आहे." भवानीनगरला ती पुन्हा तेच म्हणाली. लासुर्ण्याच्या पुढे मात्र गाडीने असे आचके दिले, की जंक्शनला थांबावंच लागलं.

तिथून आत वळलं की वालचंदनगर. वालचंद हिराचंदांनी हे गाव साखर कारखान्याभोवती वसवलं, आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सही त्यांनीच काढली. म्हणजे लेक माहेराच्या वेशीवर येऊन बसली म्हणायची!

गॅरेजवाला माझा जुना विद्यार्थी निघाला. म्हणाला, "सर, मिसिंग आहे. चारातला एक सिलिंडर मेलाय." इंजिन चालू ठेवून तो पकडीने एकेका प्लगची वायर काढू लागला. हिशेब सोपा. चालत्या सिलिंडरची वायर काढली की इंजिनाचा आवाज पडतो, मेलेल्याची काढली तर काहीच फरक पडत नाही.

पहिली काढली. "पडला ना आवाज, सर?"

"पडला."

दुसरी. "पडला."

तिसरी. "पडला," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे. तिसरीला काहीच फरक पडला नव्हता. खरं सांगायचं तर मला पहिल्या दोन वेळांनाही नीट कळलं नव्हतं. न समजता "समजलं, सर" म्हणणारी मुलं मी आयुष्यभर बरोबर ओळखत आलो. आज मीच त्या बाकावर!

तो काही बोलला नाही. माझा हात धरून मडगार्डवर ठेवला. चौथी वायर काढली, तसं हाताखाली इंजिन थडथडलं. पुन्हा तिसरी काढली. काही नाही. हाताला कळलं.

तिसऱ्याचा प्लग पेट्रोलने ओला होता. तो दुसऱ्याला लावला, दुसऱ्याचा तिसऱ्याला. दोष तिसऱ्यातच. वायरींची अदलाबदल केली, तरी तिसऱ्यातच. मग डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून उजेडात धरली. आत केसाएवढी चीर, वयामुळे पडलेली. ठिणगी प्लगपर्यंत पोचायच्या आधीच तिथून पळत होती.

पद्मिनी बनायची थांबली २००० च्या सुमारास. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये गेल्या. पण त्याच्या अडगळीत एका जुन्या इंजिनाची कॅप सापडली. ती बसवल्यावर मडगार्डवर हात ठेवून पाहिलं. चारही एका तालात.

त्याने पैसे घेतले नाहीत. निघताना हिला हळूच काहीतरी म्हणाला. अर्थात मला ऐकू आलं नाही.

निमगाव केतकीपर्यंत ही गप्प. शेवटी मीच विचारलं, "काय म्हणत होता?"

"म्हणाला, सरांना मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येतो का, ते एकदा बघा."

परतताना गाडी भाच्याने चालवली. सोमवारी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. यंत्र बसेपर्यंत गाडीची किल्ली हिच्या कपाटात आहे, आणि मी ती मागितलेली नाही.

असो. तोवर फोन केलात तर जरा मोठ्याने बोला.