परीक्षकाची खुन्नस

2024 चे गणपती. आदल्या संध्याकाळी, 6 सप्टेंबरला, पुतण्या मुंबईहून येऊन हातखंब्याच्या तिठ्यावर उतरला तो तोंड पाडूनच. गोल्डमन सॅक्सच्या विश्लेषकांनी व्होडाफोन आयडियाचा शेअर 2.5 रुपयांच्या लायकीचा ठरवला होता. बाजारात भाव होता 15 च्या आसपास. त्या एका दिवसात तो 10 टक्क्यांहून जास्त पडला.

"काका, भाव पाडायचा डाव आहे हा!"

मलाही ते पटावंसं वाटलं. एप्रिलच्या एफपीओत 11 रुपयांच्या भावाने पेन्शनमधले 50 हजार मीही घातले होते ना!

पण मास्तरकीत एक वाक्य फार ऐकलंय... "सर खुन्नस काढतात." मी म्हणायचो, बेरीज चुकली असेल तर दाखव. आता तेच स्वतःला विचारलं. सरकारला द्यायच्या महसुली हिश्श्याची थकबाकी, 2019 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने डोक्यावर बसलेली. ग्राहकांची गळती. हे काही कुणी रचलेलं नव्हतं. 19 सप्टेंबरला कंपन्यांच्या याचिकाही फेटाळल्याची बातमी आली. 2025 च्या ऑगस्टमध्ये भाव 7 च्या खाली होता. 2.5 मात्र तेव्हाही झाला नव्हता. म्हणजे परीक्षकाचा हातही जरा आखडताच!

असो. परीक्षकावर संशय जरूर घ्यावा, पण उत्तरपत्रिका आधी वाचावी. मी ती पैसे घालून झाल्यावर वाचली.