खोड जुनं, सर कधीचे?

विकणाऱ्यांनी तन्मणीबद्दल तीन गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या होत्या. दागिना शंभर वर्षांचा, मोती बसऱ्याचे आणि खोडातली माणकं ब्रह्मदेशाची. वहिनींच्या तो पाहताक्षणी मनात भरला. लेकीच्या लग्नात तिच्या गळ्यात घालायचा, हेही ठरून गेलं. तरी पैसे मोजण्याआधी त्यांनी अट घातली, की आधी तो आमच्या सराफकाकांना दाखवायचा. सोबतीला त्यांनी मला घेतलं.

काकांचं दुकान पुण्यात, सोन्या मारुती चौकाच्या जवळ. त्यांनी तन्मणी गादीवर ठेवला तो थेट पालथा. मोत्यांचे पाच सर आणि मधोमध कुंदनात जडवलेलं खोड, हे सगळं पुढून देखणं होतंच. त्यांना पाठ बघायची होती. भिंग डोळ्याला लावून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चिमट्याच्या टोकाने त्यांनी एक कडी दाखवली. बाकीच्या कड्या वापरून गुळगुळीत झालेल्या, ही मात्र जाड, आणि झाळलेल्या जागी सोन्याचा रंग वेगळा. "इथे कधीतरी हात फिरलाय. खोड जुनं आहे, ताई. पण सर जुने आहेतच असं धरून चालू नका."

तिथून पुढे त्यांनी एका दागिन्याचे तीन दागिने केले. सोनं वेगळं, खडे वेगळे, मोती वेगळे.

सोन्यासाठी काळी कसोटी निघाली. खोडाच्या कडेची एक रेघ दगडावर ओढली, शेजारी माहितीच्या टंचाची दुसरी रेघ, आणि दोन्हींवर तेजाबाचा थेंब. हल्ली हेच काम क्ष-किरणांचं यंत्र मिनिटभरात करतं, पण ते फक्त वरचा पापुद्रा वाचतं. कुंदनाच्या कामात खड्याभोवती दाबलेला पत्रा जवळजवळ शुद्ध सोन्याचा असतो, चौकट कमी कसाची असते आणि पोटात लाख भरलेली असते. यंत्राची नळी पत्र्यावर धरली की आकडा चांगला येतो, तागडीत मात्र लाख सोन्याच्या भावाने तोलली जाते. म्हणून काकांनी लाखेची घट आधीच धरली. कस कमी लागला म्हणून दागिना लगेच खोटा ठरत नाही, हेही त्यांनी सांगितलं. मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, १९६३ च्या जानेवारीत चौदा कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला सरकारने बंदी घातली होती. त्या काळातला दागिना कसोटीवर फिका उतरणारच.

"हॉलमार्क नाही का यावर?" वहिनींनी विचारलं. सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि १ एप्रिल २०२३ पासून दुकानात विकायच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची ओळखखूणही लागते. पण कुंदन, पोलकी आणि जडावाचं काम या सक्तीतून वगळलेलं आहे. तिथे गिऱ्हाइकाला सराफाच्या नजरेवर आणि बिलावरच विसंबावं लागतं.

मग माणकं. कुंदनाची पाठ बंद असते आणि खड्याखाली चकाकता पत्रा असतो. त्यामुळे फिका खडाही भडक दिसतो, मागून प्रकाश टाकून बघता येत नाही आणि जडवलेल्या खड्याचं वजनही कळत नाही. काकांनी अतिनील दिवा लावला. सगळे खडे लालभडक पेटले. वहिनींचा चेहरा खुलला, पण काकांनी मान हलवली. ब्रह्मदेशाचं माणिक या दिव्याखाली पेटतं हे खरं. भट्टीतलं माणिक त्याहून जोरात पेटतं.

भट्टीतलं म्हणजे आजकालचं, असा आमचा दोघींचा समज. ऑगस्ट व्हर्न्यूई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ज्वाळेत माणिक वितळवून वाढवण्याची रीत १९०२ मध्ये जाहीर केली आणि काही वर्षांतच असे खडे बाजारात आले. घटक तेच, काठिण्यही तेच. तेव्हा १९२० च्या अस्सल जुन्या दागिन्यातसुद्धा ते निघू शकतात. फरक दिसतो तो भिंगाखाली. काकांनी भिंग माझ्या हातात दिलं. एका खड्यात ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा बारीक वक्र रेघा होत्या आणि कडेला एक गोल बुडबुडा. शेजारच्या खड्यात सुयांसारखे सरळ धागे ठरावीक कोनात एकमेकांना छेदत होते. तो खाणीतला. खोडावरच्या माणकांपैकी असा वक्र रेघांचा एकच निघाला, नेमका नव्या कडीच्या बाजूचा.

मोत्यांकडे वळताच वहिनींनी आजीकडून शिकलेली परीक्षा केली; एक मोती दातावर घासला. खरखरीत लागला. "प्लॅस्टिकचा किंवा काचेचा नाही, एवढंच यातून कळतं," काका हसून म्हणाले. कल्चरचा मोतीही खरखरीतच लागतो, कारण त्याच्यावरचा थर शिंपल्यातल्या जिवानेच चढवलेला असतो. फरक पोटात असतो. कल्चरच्या मोत्यात अनेकदा शिंपल्याचा घडवलेला मणी बसवलेला असतो, नैसर्गिक मोत्यात थरावर थर थेट मध्यापर्यंत जातात.

बसरा हे बंदराचं नाव. मोती निघत ते बहारीन, कुवेत, कतारच्या उथळ समुद्रात. उन्हाळ्यात पाणबुडे ते काढत आणि हंगाम संपला की आखातातले व्यापारी माल घेऊन मुंबईला येत. जपानमध्ये मिकिमोतोंनी १८९३ मध्ये पहिला अर्धगोल मोती पिकवला, १९२० च्या दशकात गोल कल्चर मोती जगभर पोचले, पाठोपाठ जागतिक मंदी आली. १९३२ मध्ये बहारीनला तेल लागलं आणि बुडी मारणाऱ्यांना दुसरं काम मिळालं. तो धंदा पुन्हा कधी पूर्वीसारखा उभा राहिला नाही, म्हणून जुन्या मालाला आजचा भाव. बडोद्याच्या गायकवाडांच्या सातपदरी हारातले निवडक ६८ मोती दोन पदरांत ओवून २००७ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात आले, ते सत्तर लाख डॉलरच्या वर गेले.

नैसर्गिक मोत्याचा हिशेबही न्यारा. तो ग्रेनमध्ये तोलतात. चार ग्रेनचा एक कॅरेट. वजनाचा वर्ग करायचा आणि त्याला दराने गुणायचं. दर तोच धरला तर ४ ग्रेनच्या मोत्याला तो १६ पट, ८ ग्रेनच्या मोत्याला ६४ पट. वजन दुप्पट, किंमत चौपट. म्हणूनच जुने कारागीर भोक पाडताना वजन जाऊ नये म्हणून जपत. काकांनी भिंगाखाली भोकं दाखवली. तीन सरांतली अगदी बारीक, दोन सरांतली रुंद. रुंद भोकाच्या आत, काठापासून थोडं खाली, गडद रेघ दिसत होती: वरचा थर संपून मणी सुरू होतो ती जागा. तरी त्यांनी शब्द दिला नाही. तन्मणी मुंबईच्या प्रयोगशाळेत गेला. क्ष-किरण चित्रात तीन सर नैसर्गिक ठरले, दोन कल्चरचे.

विकणाऱ्या घरी अहवाल दाखवला तेव्हा तिथल्या आजींना आठवलं. एका मुंजीच्या गर्दीत तन्मणी तुटला होता, मोती घरभर झाले, सगळे सापडले नाहीत. पटवेकऱ्याकडून गाठवून आणताना दोन सर नवे घातले आणि निखळलेला एक खडा सोनाराने बसवून दिला. लपवायचं कुणाच्या मनात नव्हतं. पुढच्या पिढीला ते माहीतच नव्हतं.

शंभर वर्षांच्या दाव्याचा निकाल काही लागला नाही, पण त्यातून एक वेगळीच अडचण उभी राहिली. लेक लग्नानंतर न्यू जर्सीला जाणार. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकारागिरीची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. ती तेवढी जुनी नाही, असा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घ्यावा लागतो. विकणाऱ्यांनी मिरवलेलं वय खरं निघालं तर तन्मणी पुण्यातच राहणार होता.

वहिनींनी तो तरीही घेतला, मात्र हिशेब नव्याने मांडून. खोडाचं सोनं लाख वजा करून, नैसर्गिक सर ग्रेनवर आणि कल्चरचे दोन सर आजच्या कल्चरच्या भावाने. बिलावर तिन्हींचे आकडे वेगळे लिहून घेतले, अहवालाचा क्रमांक टाकला, भट्टीतल्या माणकाचीही नोंद केली. कल्चरचे सर परत करायची मुभा होती. पण तीन सरांवर एवढं मोठं खोड तोल सांभाळेना, एका बाजूला कलायला लागलं, म्हणून पाचही सर ठेवले.