उतरवण्याची वेळ

आजोबा गुळव्या होते. कुरुंदवाडच्या शिवारातल्या गुऱ्हाळावर काहिलीतला रस आटत आला की पाकाचा थेंब थंड पाण्यात सोडायचे, बोटांत त्याची गोळी वळून बघायचे आणि एकदम ओरडायचे, "उतरवा!" उशीर झाला तर गूळ करपायचा, घाई झाली तर ढेप धरायची नाही.

मी सौरघटांसाठी पेरोव्हस्काइटचे थर बनवते. गरागरा फिरणाऱ्या काचेवर शिशाचं आयोडाइड आणि मिथिलअमोनियम आयोडाइड यांचं पिवळं द्रावण असतं. नेमक्या सेकंदाला त्यावर क्लोरोबेन्झिनचे थेंब सोडायचे. द्रावक सुटतो, थरभर एकाच वेळी असंख्य बारीक स्फटिक धरू लागतात. मग शंभर अंशांच्या तव्यावर काच डोळ्यांदेखत काळी होते. वेळ साधली तर आरशासारखी. चुकली तर धुरकट, भोकाभोकांची. ती वेळ कागदावर लिहिलेली असते, पण हवेतला दमटपणा बदलला की तीही सरकते. हाताला कळायला मला दोन वर्षं लागली.

२००९ मध्ये जपानात कोजिमा आणि मियासाका यांनी या पदार्थाचा सौरघट केला, तेव्हा त्याची कार्यक्षमता ३.८ टक्के होती. आज प्रयोगशाळेत ती २६ टक्क्यांच्या पुढे आहे. केसाच्या शंभराव्या हिश्श्याएवढा थर इतका प्रकाश पितो! आयोडीनच्या जागी ब्रोमीन घातलं, की याच घराण्यातला पदार्थ हिरवा प्रकाश देणारा दिवा होतो.

पण आषाढात गूळ पाझरतो, तसा हाही पाण्याला भितो. जुलैत उघड्या टेबलावर केलेले माझे पहिले थर सकाळी पिवळे पडलेले होते: मिथिलअमोनियम निघून गेलं, शिशाचं आयोडाइड मागे उरलं. मिथिलअमोनियमच्या जागी सीझियम घातलं तर थर उष्णता सोसतो, मात्र काळी रचना साध्या तापमानाला टिकत नाही, पिवळ्या निरुपयोगी रूपात कोसळते. ओल लागली तर आणखी लवकर. शिवाजी विद्यापीठात घडलेले सावंता माळी आणि त्यांच्या कोरियातल्या सहकाऱ्यांनी अशा सीझियमच्या थरावर गरम हवा सोडून तो बसवला, त्याचीच दोन रूपं एकावर एक रचली आणि २०२३ मध्ये कार्यक्षमता २१.५ टक्क्यांवर नेली. मला त्या आकड्यापेक्षा ती गरम हवा मोलाची वाटते, कारण तिला बंद पेटी लागत नाही. नायट्रोजनच्या बंद पेटीत जपलेला पदार्थ शिरोळ तालुक्यातल्या छपरावर काय कामाचा?

आणि त्यात शिसं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी गावात शिरलं तेव्हापासून मी काचेच्या कडा बंद करण्यावर जास्त वेळ घालवते. फुटलेल्या काचपट्टीतून ते शिसं पुरात मिसळलं, तर पुढे नरसोबाच्या वाडीच्या संगमावरून कृष्णेत जाणार.

आमच्या माडीवर अशीच एक कडा बंद केलेली पट्टी ठेवली आहे. आई रोज पाणी भरताना तिच्याकडे बघते. काल फोनवर म्हणाली, "अगं, मधे काळीच आहे. पण डाव्या कोपऱ्याला जरा पिवळं वाटतंय."