कोणाचा हात चालणार नाही?

आत्याच्या शब्बाथ शाळेत चांगल्या शोमरोन्याची गोष्ट पहिल्या पावसाबरोबर यायची. उपासना संपली, मोठी माणसं दारात एकमेकांना सलाम करत रेंगाळली, की ती मुलांना मंदिराच्या मागच्या ओसरीत घ्यायची आणि फ्लॅनेलचा फळा भिंतीला टेकवायची. चित्रं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात असत. याजक आणि लेवी नाताळच्या भेटकार्डांतून कापलेले. गाढव जुन्या घोंगडीच्या तुकड्याचं, त्याचा एक कान झडून गेलेला. ते फळ्यावर नीट चिकटत नसे, म्हणून गोष्ट सांगताना आत्या एका बोटाने त्याला धरून ठेवायची.

लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातली ही गोष्ट आमच्याकडच्या मुलांना फार लवकर पाठ होते. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारी वाट, लुटारू, बाजूने निघून जाणारे याजक आणि लेवी हे दोन धर्माचे कारभारी आणि मग थांबणारा तो परका माणूस, शोमरोनी. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, घायाळाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि दोन दीनार देतो. हे दोन दीनार म्हणजे दोन दिवसांची मजुरी, हे आत्या आवर्जून सांगायची. समोर बसलेल्या बहुतेकांचे आईबाप रोजंदारीवर जात. त्यांना तो आकडा लगेच कळायचा.

बहुतेक शिक्षक इथेच थांबतात. तुम्हीही असंच करा म्हणतात, प्रार्थना होते, पोरं पळतात. आत्या मात्र गाढव काढून ठेवायची आणि एकेकाकडे बघून म्हणायची, "तू शोमरोनी नाहीस. तू खाली पडलायस. रक्त चाललंय. आता खरं सांग, कोणाचा हात लागलेला तुला चालणार नाही?"

आमच्या घराण्याला या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या बाजूने ठाऊक होतं. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं आणि पुढे खेड्यापाड्यांत जे ख्रिस्ती झाले ते बहुतांशी महार आणि मांग. माझ्या पणजीने विहिरीच्या काठाशी उभं राहून, कोणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून दिवस काढले होते. बाप्तिस्मा झाला म्हणून गावाने विहीर उघडली नाही. आणि हेही सांगायला हवं की मंडळीत येऊनसुद्धा सोयरिकीच्या वेळी जुनी जात हळूच विचारली जायची. आत्याला याची फार चीड होती. पाण्यावाचून तिष्ठलेल्यांच्या नातवंडांनी तरी हे करू नये, एवढंच तिचं म्हणणं.

एका वर्षी एका मुलाने तिच्या प्रश्नाला चटकन उत्तर दिलं, "पारध्याचा." बाकीच्यांनी माना डोलावल्या. गायरानाच्या कडेला त्यांची पालं होती. इंग्रजांच्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांतली ही एक. तो कायदा १९५२ मध्ये गेला, तरी आमच्या गावात कोंबडी हरवली की पहिलं बोट तिकडेच जायचं.

आत्या त्या मुलाला रागावली नाही. पुढच्या रविवारी ती आम्हाला गायरानाकडे घेऊन गेली. कुणाच्या आईने जुने कपडे बांधून दिले होते, ते तिने मंदिरातच ठेवायला लावले. "आज काही द्यायचं नाही. आज घ्यायचं," ती म्हणाली. आम्हाला ते विचित्र वाटलं. ख्रिस्ती मुलांनी द्यायचं असतं, हेच तर आम्ही शिकलो होतो.

पालाबाहेर एक म्हातारी तितराची फासकी सोडवत बसली होती. कुत्री अंगावर आली, तिने हाकलली. आत्या सरळ जमिनीवर बसली आणि म्हणाली, "पोरं उन्हातून आलीत मावशी, पाणी मिळंल का?" म्हातारी उठेना. तिने आमच्या इस्त्रीच्या कपड्यांकडे पाहिलं. "तुमच्या पोरांना चालंल का?" तिने विचारलं. मग जर्मनचा तांब्या राखेने घासला, पुन्हा धुतला, पुन्हा घासला. ते घासणं संपेचना. तांब्या हातोहात फिरला. त्या मुलाने ओठ ओले केले, थांबला, आणि मग घटाघट प्यायला.

तक्रार झालीच. दोन घरचे लोक पाळकसाहेबांकडे गेले. आत्याने वाद घातला नाही. तिने त्या घरांतल्या बायांना लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट सांगितली. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण लक्ष्मीबाईंनी सोवळं सोडलं नाही. नवऱ्याकडे परत आल्यावरही खाणंपिणं वेगळंच ठेवलं. मग एके दिवशी, कुणी सांगितलं म्हणून नव्हे, स्वतःच विचार करून त्यांनी ठरवलं की यापुढे कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. त्यांचा बाप्तिस्मा झाला त्यानंतर, १९०० मध्ये. आधी पाणी, मग बाप्तिस्मा, हा क्रम आत्याला फार मोलाचा वाटायचा. मलाही वाटतो. शेजाऱ्यावर प्रीती करा असं मुलांना सांगताना आपण त्यांच्या हातात नेहमी काहीतरी द्यायला ठेवतो, आणि देणारा हात वरच राहतो. शोमरोन्याच्या गोष्टीत ऐकणाऱ्याला खाली पडलेल्या माणसाच्या जागी ठेवलं, की मगच ती बोचू लागते.

गेल्या वर्षी आत्या प्रभूजवळ गेली. शेवटी तिला माणसं ओळखू येत नव्हती, पण पाणी पाजलं की पाजणाऱ्याचा हात ती दोन्ही हातांनी धरायची, मग तो नर्सचा असो की माझा. तिच्यामागे साड्या फार निघाल्या नाहीत. हजेरीची वही निघाली, त्यात गैरहजर मुलांच्या नावापुढे ती घरी जाऊन आल्याची खूण. आणि तो डबा.

आता वर्ग मी घेते. मुलं कमी झालीत. रविवारी सकाळी क्लासेस असतात. यंदा शोमरोन्याची गोष्ट सांगून मी आत्याचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. पुढे बसलेली एक हुशार मुलगी लगेच म्हणाली, "सगळ्यांचा चालेल, टीचर." बाकीच्यांनीही तेच सांगितलं. उत्तर बरोबर होतं आणि त्यातलं एक अक्षर मला खरं वाटलं नाही. आत्या असती तर यावर दुसरा एखादा प्रश्न तिला तिथल्या तिथे सुचला असता, आणि त्या मुलीने खरं नाव घेतलं असतं. तो प्रश्न मी आठवडाभर शोधते आहे. विचारायला ती नाही.