सिव्हिल लाइन्सचा मलबा जातो कुठे?

जयपूरला गेलो की आपण हवामहल पाहतो, आमेरचा किल्ला चढतो, लाखेच्या बांगड्या घेतो. पुढच्या वेळी मेट्रोने सिव्हिल लाइन्स स्टेशनवरही उतरा. राज्यपाल आणि मुख्यमंत्री, दोघांची निवासस्थानं याच भागात आहेत. मोठे बंगले, जुनी झाडं. घरोघरचा कचरा न्यायला महापालिकेची गाडी येते, तिला जयपूरकर ‘हूपर’ म्हणतात.

पण एखाद्या घरात बाथरूम नवं करायला घेतलं, की दाराशी फुटक्या टाइल्स, विटा आणि सिमेंटच्या ढेकळांची पोती साचतात. आपण त्याला राडारोडा म्हणतो, इथे म्हणतात मलबा. ट्रॅक्टरवाला पैसे घेतो, ट्रॉली भरतो, निघून जातो. तो ती कुठे रिकामी करणार, हे आपण विचारत नाही.

याचं उत्तर जवळच वाहतं. नाहरगडच्या डोंगरात उगम पावणारी द्रव्यवती नदी सुमारे 47 किलोमीटर लांब आहे. सांडपाणी, कचरा आणि अतिक्रमणांनी तिची अशी दशा केली, की लोक तिला ‘अमानीशाह नाला’ म्हणू लागले. तिला पुन्हा नदी करण्यासाठी 2016 मध्ये सरकारला मोठा प्रकल्प हाती घ्यावा लागला. पात्रात मलबा पडला की पावसाळ्यात पाण्याची वाट अडते आणि ते वस्तीत शिरतं. 1981 चा पूर जयपूरचे जुने लोक अजून विसरलेले नाहीत.

शहराचा रोजचा कचरा मथुरादासपुरासारख्या डेपोंवर जातो. तिथे ओल्या कचऱ्यातून मिथेन वायू तयार होतो, आगी लागतात, काळं पाणी जमिनीत झिरपतं. त्रास होतो तो आसपासच्या गावांना आणि तिथे भंगार वेचणाऱ्यांना.

खरं तर मलबा कुजत नाही. वेगळा ठेवला तर तो दळून त्याची खडी, वाळू आणि पेव्हर ब्लॉक होतात. दिल्लीत बुराडीला 2009 पासून हे काम चालू आहे. घरच्या कचऱ्यात मिसळला, की मात्र त्याचा डोंगरच होतो.

म्हणून घराचं काम काढाल तेव्हा एवढं करा. लोखंड, लाकूड, जुनी दारं आधी भंगारवाल्याला द्या. रंगाचे डबे आणि ट्यूबलाइट वेगळ्या ठेवा, कारण तो घातक कचरा आहे. विटा-सिमेंटच्या पोत्यांत भाजीची सालं टाकू नका. मलबा कुठे द्यायचा ते महापालिकेला विचारा आणि ट्रॉली निघण्याआधी ट्रॅक्टरवाल्याला एकच प्रश्न करा: “दादा, हे कुठे टाकणार?”